वाकड्या पावलाची वाटचाल

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. पित्याच्या शापाने तो आठ ठिकाणी वाकलेले शरीर घेऊन जन्मला आणि पुढे समंगा नदीत स्नान करताच त्याची गात्रे सरळ झाली. जन्मजात व्यंग हे कोणाच्या तरी अपराधाचे फळ आणि त्याचे निवारण म्हणजे चमत्कार, ही समजूत आपल्या मनात फार जुनी आहे. आजही एखादे मूल आत वळलेले पाऊल घेऊन जन्माला आले, की आईने ग्रहण पाळले नव्हते काय, अशी कुजबूज सुरू होते. वस्तुतः सुमारे हजार जन्मांमागे एका मुलाला हे व्यंग असते, आणि ग्रहणाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याच्या नावावर असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात या पावलाचा विचार आढळतो. बहुतेक पावले बरी होण्याजोगी असतात, उपचार लवकर सुरू करावा, मेणाला आकार द्यावा तसे हाताने पाऊल हळूहळू वळवून पट्ट्यांनी बांधावे, असे तेथे सांगितले आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वीचा हा सल्ला किती शहाणपणाचा होता, हे जगाला पुष्कळ उशिरा उमगले.

पुढील काळात मृदुपणाची जागा बळाने घेतली. लोखंडी साधनांनी पाऊल पिळून सरळ करण्याचे प्रयोग झाले. १८३१ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर येथे स्ट्रोमायर याने त्वचेला लहानसा छेद देऊन टाचेमागची कंडरा कापण्याची शस्त्रक्रिया केली. बालपणीच्या आजाराने पाऊल वाकलेला इंग्रज डॉक्टर विल्यम लिटल १८३६ मध्ये त्याच्याकडे गेला, बरा झाला आणि ती विद्या लंडनला घेऊन आला. विसाव्या शतकात शस्त्रक्रिया अधिक धीट झाल्या. सांधे उघडून हाडे जागेवर बसवली जाऊ लागली. पाऊल दिसायला सरळ होई. परंतु तेच मूल तरुणपणी ताठरलेल्या, दुखऱ्या पावलाने चाले. सरळ पाऊल आणि सुखाचे चालणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा या इतिहासाचा खरा धडा होय.

तो धडा ओळखला इग्नासिओ पोन्सेती याने. १९१४ मध्ये मिनोर्का बेटावर जन्मलेला हा डॉक्टर स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून देशोधडीला लागला आणि मेक्सिकोमार्गे १९४१ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथे पोहोचला. पावलातील हाडे एकमेकांशी निगडित राहून फिरतात, म्हणून ती एकेकटी नव्हे तर एकत्रच वळवली पाहिजेत, हे त्याने जाणले. दर आठवड्याला पाऊल हलकेच वळवून प्लास्टर घालायचे. अशी पाच-सहा प्लास्टरे झाली, की बहुधा कंडरेला छोटा छेद द्यायचा. आणि त्यानंतर काही वर्षे दांडीने जोडलेले बूट, पुढेपुढे केवळ झोपेत, वापरायचे. १९६३ मध्ये त्याने ही पद्धती प्रसिद्ध केली, पण तिच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्षच झाले.

१९९५ मध्ये आयोवाच्या ४५ जुन्या रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय ३४ वर्षे होते. प्रश्न साधे होते : पाय दुखतो काय? नित्याच्या कामात अडथळा येतो काय? शंभरांत ७८ जणांचा निकाल उत्तम वा चांगला निघाला. जन्मतः निर्दोष पावलांच्या माणसांत हे प्रमाण ८५ होते. इतके थोडे अंतर! पोन्सेती २००९ मध्ये वारला, तेव्हा त्याची पद्धती जगभर मान्य झाली होती.

आपल्या देशात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी समाविष्ट आहे. तरीही कसोटीचा काळ इस्पितळाबाहेरच असतो. पाऊल सरळ दिसू लागले, बाळ रात्री बुटांसाठी रडू लागले, की आईचे मन द्रवते आणि बूट कोपऱ्यात पडतात. मग पाऊल पुन्हा वळते. मजुरी बुडवून दर आठवड्याला गाव ते शहर खेटे घालणाऱ्या बापाला या टप्प्यावर दोष देणे सोपे आहे. त्याला धीर देणे अधिक आवश्यक आहे.

ज्या देशात माणसे उकिडवी बसतात, मांडी घालून जेवतात, अनवाणी शेतात उतरतात, तेथे लवचीक पाऊल म्हणजे स्वावलंबनच. ते मिळवून द्यायला समंगेचे पाणी नको. वेळेवर धरलेला हात आणि न कंटाळता बांधलेले बूट पुरेत.