स्टॅटिन मार्गचित्र

स्टॅटिन मार्गचित्र हे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधांची शरीरातील क्रिया दाखवणारे जैवमार्गाचे रेखाचित्र आहे. विकिपाथवेज या मुक्त संग्रहात मानवी स्टॅटिन मार्गाची नोंद डब्ल्यूपी४३० या क्रमांकाने आहे. संग्रहातील इतर चित्रांप्रमाणे त्यातही अनेक संशोधकांना दुरुस्ती व भर घालता येते.

पार्श्वभूमी

जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन आढळले. लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. विकिपाथवेज २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ग्लॅडस्टोन संस्था व नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठ येथील संशोधकांनी ते उभारले. सुरुवातीस ते विकिपीडियाच्याच मीडियाविकी या प्रणालीवर चालत असे.

मार्गाचे स्वरूप

ॲसिटिल-कोएपासून एचएमजी-कोए तयार होते. एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर त्याचे मेव्हॅलोनेटमध्ये रूपांतर करते. पुढे स्क्वालीन व लॅनोस्टेरॉल या टप्प्यांतून कोलेस्टेरॉल बनते. स्टॅटिन या विकराला अटकाव करतात. यकृतपेशीतील कोलेस्टेरॉल घटल्यावर एसआरईबीपी-२ हे प्रथिन सक्रिय होते, पेशीपृष्ठावरील एलडीएल ग्राहींची संख्या वाढते आणि रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात शोषले जाते. म्हणून केवळ विकराचा अटकाव दाखवणारे चित्र अपुरे ठरते. रक्तातील एलडीएल घटण्याचे मुख्य कारण ग्राहींची वाढ हे आहे. एसआरईबीपी-२ मुळे पीसीएसके९ हे ग्राहींचा नाश घडवणारे प्रथिनही वाढते, त्यामुळे औषधाच्या परिणामाला काही अंशी मर्यादा पडते.

संपादन व परीक्षण

चित्रे पाथव्हिजिओ या संगणकप्रणालीत काढून जीपीएमएल या स्वरूपात साठवली जातात. परीक्षक प्रामुख्याने पुढील बाबी पाहतात:

* प्रत्येक जनुक, प्रथिन व संयुगाला मान्य डेटाबेसमधील ओळखक्रमांक जोडलेला आहे का;
* रेषेची दोन्ही टोके घटकांना प्रत्यक्ष जोडलेली आहेत का;
* रूपांतर, उत्प्रेरण व अटकाव यांसाठी योग्य चिन्हे वापरली आहेत का;
* दाखवलेल्या संबंधाला प्रकाशित संशोधनाचा आधार आहे का.

घटकाच्या जवळ येऊन थांबलेली रेषा वाचकाला जोडलेली भासते. संगणकाच्या लेखी मात्र तो संबंध अस्तित्वातच नसतो. अटकावाच्या चिन्हाऐवजी साधा बाण काढल्यास औषध विकराला चालना देते असा उलटा अर्थ निघतो. प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जात असल्याने चूक शोधून पूर्वीची आवृत्ती पाहता येते.

उपयोग व मर्यादा

जनुकांच्या अभिव्यक्तीच्या प्रयोगांत बदललेली जनुके कोणत्या मार्गात एकवटली आहेत, हे तपासण्यासाठी अशा चित्रांतील जनुकसूची वापरतात. त्यामुळे चित्रातील एक चूक अनेक विश्लेषणांत उतरू शकते. औषधाचा परिणाम आणि औषधाचे शोषण व विघटन यांची चित्रे सामान्यतः वेगळी असतात. सिमव्हास्टॅटिनमुळे होणाऱ्या स्नायुविकाराशी निगडित एसएलसीओ१बी१ हे जनुक औषधाच्या यकृतातील प्रवेशाशी संबंधित आहे. त्याचा विचार केवळ परिणामाच्या चित्रावरून करता येत नाही. मार्गचित्र हे संशोधनाचे साधन असून रुग्णाच्या औषधयोजनेसाठी वैद्यकीय सल्ल्याची जागा घेत नाही.

हेही पहा

* कोलेस्टेरॉल
* चयापचय
* विकर