स्वतःची गाणी

१९८८ च्या गॅदरिंगमध्ये पेटीवाल्या मित्राने स्वतः बांधलेली चाल पुढे केली, तेव्हा "पोट्टे बोंबलतील, पिच्चरचंच वाजव" असे म्हणणारा मीच होतो. त्याच वर्षी मुंबईच्या रॉक मशीन या बँडने 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला होता. मला ते पुढे होस्टेलात, मित्राच्या कॅसेटवरून कळले.

हा बँड १९८४ चा. तेव्हा कॉलेजातल्या श्रोत्यांना परदेशी गाणी हुबेहूब हवी असत, तरी यांनी आपली ऐकवली. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर गिटार वाजवायचा. १९९० मध्ये दुसरा अल्बम आला, १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले. हिंदी पॉपच्या चलतीत, १९९७ मध्ये बँड फुटला. २०१० मध्ये जुने गडी पुन्हा जमले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. पुढे 'द लाइटइयर्स एक्सप्लोड'सारखी पॉप-पंक वाजवणारी पोरेही मुंबईत स्वतःचीच गाणी घेऊन उभी राहिली.

खरे तर मुंबईचे नवल मला वाटायला नको होते. आपल्याच जिल्ह्यातले तुकडोजी महाराज खंजिरीवर स्वतः रचलेली भजने गात.

पेटीवाला आता संत्र्याची बाग पाहतो. मेळाव्यासाठी फोन केला तेव्हा विचारले, ती चाल आठवते का? "थांब ना बे, मोटर बंद करतो," म्हणाला, आणि सगळी म्हणून दाखवली.