गडावर पाणी कसे राखत? दातेगडची तलवार विहीर, आज्ञापत्र आणि परसातली कर्दळ

१. पाटणजवळ दातेगड ऊर्फ सुंदरगड उभा आहे. दाराशी कातळात कोरलेले गणपती आणि मारुती आहेत, आणि माथ्यावर अखंड खडकात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर. छायाचित्रे सर्वांनी पाहिली असतील. आजचा धागा तिच्या आकाराविषयी कमी, तिच्या पाण्याविषयी अधिक. 🧵

२. आधी भूगोल. पाटण तालुका म्हणजे पावसाचे आगर. कोयनानगरला वर्षाकाठी साडेचार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु सह्याद्रीचा काळा पाषाण हे पाणी सहसा धरून ठेवीत नाही. चार महिने कोसळलेले पाणी कड्यांवरून नदीला मिळते आणि चैत्र-वैशाखात माथा कोरडा पडतो. गडकऱ्यापुढचा खरा प्रश्न पावसाचा नव्हता. पाऊस सरल्यानंतरच्या आठ महिन्यांचा होता.

३. आता विहीर पाहा. ती अरुंद, लांबट आणि खोल आहे. पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. रुंद तळ्याचे पाणी उन्हाने आणि वाऱ्याने उडून जाते. अरुंद चिरेत ऊन थोडाच वेळ पोहोचते, म्हणून बाष्पीभवन कमी. उजेड कमी म्हणून शेवाळही कमी. पाणी हलत नाही, म्हणून गाळ तळाशी बसतो. आकाराला शौर्याचे प्रतीक म्हणा अथवा न म्हणा, पाणी राखण्यास तो अत्यंत सोयीचा आहे.

४. आणखी एक गोष्ट. गडांवर टाके किंवा विहीर खोदताना निघालेला दगड वाया जात नसे. त्याच जागी तट आणि वाड्यांची जोती उभी राहत. एकाच श्रमात पाण्याची सोयही होई आणि बांधकामाचा मालही मिळे. दूरच्या खाणीतून दगड वर चढविण्याचे कष्ट वाचत.

५. या व्यवहारामागचा विचार लेखी सापडतो तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. काळ इ.स. १७१५-१६ च्या सुमाराचा. शिवकाळ, राजाराम महाराजांचा काळ आणि ताराबाईंचा काळ पाहिलेल्या, मोगलांशी प्रदीर्घ झुंज दिलेल्या कारभाऱ्याचे हे अनुभवाचे बोल आहेत. यातील दुर्गप्रकरण अवश्य वाचावे.

६. पाण्याविषयी त्यात काय आहे? किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. पाणी नाही, पण जागा मोक्याची आहे, तर खडक फोडून टाकी बांधावीत. झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटू शकतात. म्हणून राखीव टाकी असावीत आणि एरवी त्यांतले पाणी खर्चू नये. एका साधनावर विसंबू नये, हे तत्त्व इथे स्पष्ट आहे.

७. केरकचऱ्याची तरतूद तर थक्क करणारी आहे. वाटेवर, बाजारात, तटालगत केर पडू देऊ नये. तो गडाखालीही लोटू नये. जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी आणि घरोघरी भाजीपाला पिकवावा. गडावरची घाण पावसाबरोबर टाक्यात उतरते, हे लिहिणाऱ्याला पुरते ठाऊक होते.

८. झाडांविषयी: गडावर आहेत ती झाडे राखावीत. शिवाय आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे थोर वृक्ष, लिंबू-नारिंगासारखी लहान झाडे, फुलझाडे आणि वेलीही लावाव्यात. आज एखादे झाड निरुपयोगी वाटले, तरी प्रसंगी त्याचे लाकूड उपयोगी पडेल. ही यादी इथल्या मातीत रुजलेल्या झाडांची आहे.

९. थोडे थांबून एक दुरुस्ती. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडे त्यांनी लेकरांप्रमाणे वाढविली आहेत, असा एक मजकूर थोरल्या महाराजांचे पत्र म्हणून सर्वत्र फिरतो. तो याच आज्ञापत्रातला, आरमाराच्या प्रकरणातला आहे. विचाराची परंपरा शिवकाळापर्यंत नेता येते. पण मजकूर उद्धृत करताना ग्रंथ अमात्यांचा, हे सांगणे इतिहासाच्या अभ्यासकाला बंधनकारक आहे.

१०. गडाखालीही हीच दृष्टी दिसते. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाईंनी बांधविली, असे तिथला शिलालेख सांगतो. मोटांनी उपसलेले पाणी भोवतीच्या आमराईला जाई. विहीर आणि बाग यांची योजना एकत्र केलेली होती.

११. पाणी शुद्ध कसे करीत? पुण्याच्या कात्रज नळयोजनेचे उदाहरण घ्या. १८ व्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात ती झाली. वरच्या तलावात गाळ बसे आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात येई. तिथून ते जमिनीखालच्या दगडी-विटांच्या नळातून, वाटेतल्या उच्छ्वासांवरून, केवळ उताराच्या बळावर शहरातल्या हौदांत पोहोचे.

१२. घरगुती पातळीवर निवळीचे बी होतेच. ते उगाळून गढूळ पाण्यात मिसळले की मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. आज जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी हेच करते. मात्र यामुळे पाणी नितळ होते. रोगजंतू मरतातच असे नाही. नितळ आणि निर्जंतुक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परंपरेचा अभिमान बाळगताना तिची मर्यादाही सांगावी.

१३. आणि सांडपाणी? जुन्या घरांच्या मोरीचे पाणी परसात जिथे उतरे, तिथे केळ, अळू, कर्दळ लावलेली असे. मुळांभोवतीचे जिवाणू त्यातली घाण खात, झाडे पोसली जात. १९५० च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल यांनी पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे पद्धतशीर प्रयोग सुरू केले. आज अशा प्रकल्पांत कर्दळ मानाने मिरवते. आपल्या आजीला प्रयोगशाळा नव्हती, निरीक्षण होते.

१४. हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. दर पावसाळ्यात अनेक तरुण गडांवर वृक्षारोपणाला जातात. हेतू उत्तम, पण हाती गुलमोहर असतो, जो मूळचा मादागास्करचा. कधी सड्यावर खड्डे खणले जातात. पाटणच्या पठारांवरील सडे उजाड दिसतात. प्रत्यक्षात पावसाळ्यात तिथे बोटभर मातीत दुर्मीळ रानफुले फुलतात. तिथे खड्डा खणणे म्हणजे एक अधिवास नष्ट करणे.

१५. तेव्हा गडावर जाल, तर आधी भोवतालची देवराई पाहा. जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा यांपैकी तिथे जे आपोआप वाढते, तेच योग्य जागी, वनखात्याला विचारून लावा. टाक्यातला गाळ पुरातत्त्व खात्याच्या परवानगीविना उपसू नका. त्या गाळात खापरे, नाणी आणि इतिहासाचा पुरावा असू शकतो. आणि प्लास्टिकची बाटली खाली घेऊन या. केर गडाखाली लोटू नये, हे तीनशे वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे. मात्र प्लास्टिक जाळून त्याची राख भाजीला घालता येत नाही.

१६. १८१८ मध्ये हे किल्ले इंग्रजांच्या हाती गेले, दारे आणि तट ढासळले, शिबंदी उठली. दातेगडची विहीर मात्र अजून उभी आहे. तिच्या पायऱ्या उतराल, तेव्हा जपून उतरा आणि पाण्यात काही टाकू नका. धागा समाप्त. 🙏