भिंत मालकाची, खिळा भाडेकरूचा

भाड्याच्या घराची सजावट हा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडताना थोडा संकोच वाटावा, अशीच आपल्याकडची परंपरा आहे. वाड्यांच्या कोरीव खांबांवर, मंदिरांच्या शिल्पांवर, संस्थानिकांच्या दिवाणखान्यांवर आपण आवडीने लिहितो. चाळीतल्या खोलीत लोखंडी ट्रंकेवर अंथरलेल्या क्रोशाच्या रुमालावर मात्र चार ओळी लिहाव्यात असे कोणाला वाटत नाही. चाळीवर मराठीत लेखन कमी झाले आहे, असे नाही. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली, भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५ साली. परंतु या वाङ्मयाची आपण केलेली चर्चा पाहिली, तर चाळ म्हणजे माणसांची गर्दी, सामायिक नळ, भांडणे, जिव्हाळा आणि मुख्यतः अभाव, एवढ्यावरच ती थांबते. त्या खोलीत राहणाऱ्या माणसाला काही आवडत होते, काही शोभून दिसत होते, भिंतीवर काय कोठे टांगावे याचा त्याने विचार केला होता, ही शक्यताच आपल्या समीक्षेने फारशी लक्षात घेतलेली नाही. अभिरुची ही जणू स्वतःच्या मालकीच्या घरातच नांदते!

प्रस्तुत लेखात आम्ही मुंबईतील, आणि काही अंशी पुण्यातील, भाड्याच्या घराच्या सजावटीचा इतिहास थोडक्यात मांडू इच्छितो. हा इतिहास तीन गोष्टींनी घडला, असे आम्हांला वाटते: कायद्याने दिलेली मुभा, जुन्या वस्तूंचा बाजार आणि घरातील स्त्रियांचा हात.

आरंभ खोलीपासून करू. १८९६ च्या प्लेगने मुंबईतील दाट वस्तीचा प्रश्न सरकारला दुर्लक्षिता येणार नाही असा करून सोडला आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निर्माण झाले. त्याच्या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या बीडीडी चाळी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी या चार ठिकाणी उभ्या राहिल्या. इमारती एकूण २०७, प्रत्येकीत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. गिरणीत कामाला आलेल्या कोकणच्या आणि घाटावरच्या पुरुषांनी अशा खोल्यांतून प्रथम बिऱ्हाडे थाटली, तेव्हा पुष्कळांची बायकामुले गावीच होती. एका खोलीत एकाच गावचे कितीतरी गडी राहत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. या घराला सजावट नव्हती असे कोणी म्हणेल. पण खुंटीची जागा ठरलेली असे, आणि खुंट्यांच्या वर एक देव असे.

तो देव कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या आणि अशा इतर छापखान्यांनी लक्ष्मी, सरस्वती, दत्त, विठोबा यांना कागदावर उतरवून परवडणाऱ्या किमतीत घरोघर पोहोचवले. देवघरासाठी कोनाडा लागतो, आणि कोनाडा बांधणारा मालक असतो. तसबिरीला मात्र एक खिळा पुरतो. दुसऱ्याच्या भिंतीवर स्वतःचा देव मांडण्याची सोय या छापील चित्रांनी करून दिली. कलेच्या इतिहासात रविवर्म्यांच्या चित्रांची चर्चा अभिजात आणि बाजारू यांच्या वादात अडकते. भाडेकरूच्या दृष्टीने पाहिले तर त्या चित्रांचा पहिला गुण हा, की ती बिऱ्हाडाबरोबर हलवता येत. कॅलेंडरांनी हीच सोय जवळजवळ फुकट केली. दुकानदाराकडून मिळालेले कॅलेंडर वर्ष संपले तरी रद्दीत जात नसे. तारखांचा भाग कापून वरचा देव काचेच्या चौकटीत बसे.

आता कायद्याकडे वळू. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेनियंत्रण प्रथम आले. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हा त्यात प्रमाण भाड्याचा आधार मानला गेला. परिणाम सर्वांना ठाऊक आहे. भाडे गोठले, भाडेकरू स्थिरावले, एकाच खोलीत तीन-तीन पिढ्या झाल्या. तुटपुंज्या भाड्यात डागडुजी करण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही, आणि भिंतीला चुना देणे हे भाडेकरूचेच काम होऊन बसले. घर आपले नाही, परंतु निगा आपली, असा हा विलक्षण संबंध आहे. मालकी आणि आपुलकी यांची अशी फारकत आपल्या शहरी जीवनात दुसऱ्या कोठे क्वचितच दिसेल.

मात्र या आपुलकीला सीमा होती. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने भाडेकरूला आपण जोडलेली वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेण्याची मुभा दिली, पण जागा जशी मिळाली तशीच परत करण्याची अट घातली. १९४७ च्या कायद्याने तर मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमचे बांधकाम करणे, हे जागा खाली करून घेण्याचे एक कारण ठरवले. साहजिकच 'कायमचे' म्हणजे काय, हा प्रश्न कोर्टात गेला. पोटमाळा कायमचा की काढता येण्याजोगा? ओट्याचे काय? १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात या कलमाला जोडलेले स्पष्टीकरण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे. लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी काढलेली खिडकी, धुराडे अशा गोष्टी, आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केल्या असतील, तर त्या कायमचे बांधकाम समजू नयेत, असे ते सांगते. एका रुक्ष कलमात अर्धशतकाचा गृहेतिहास दडला आहे. बाई चुलीपुढे बसून स्वयंपाक करत होती ती ओट्यापाशी उभी राहिली, एका खोलीत दुसरे लग्न झाले म्हणून मध्ये लाकडी फळ्या आल्या, हे सारे कायद्याला अखेरीस मान्य करावे लागले.

पार्टिशनच्या आधी पडदा होता. पडद्याला बांधकाम म्हणता येत नाही, म्हणून तो सर्वांत सुरक्षित. जुन्या लुगड्याचा किंवा चादरीचा, दोरीवर सरकणारा. दिवसा गुंडाळलेला आणि रात्री सोडलेला हा पडदा सजावटीची वस्तू आहे की वास्तुरचनेचा भाग, हे ठरवणे कठीण. भाड्याच्या घरातील बहुतेक वस्तू अशाच दुहेरी असतात. विटांवर चढवलेली खाट उंचीने रुबाबदार दिसते आणि तिच्याखाली एका माणसाची निजण्याची सोय होते. ट्रंकेवर रुमाल घातला की तिचे बाक होते. गॅलरीच्या कठड्याशी ठेवलेल्या डालड्याच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली की अंगणाची उणीव थोडी तरी भरून निघते.

डबा घरचाच असे. पुष्कळशा वस्तू मात्र दुसऱ्याच्या घरून आलेल्या असत. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण ही चाळीच्या अर्थव्यवस्थेतील महत्त्वाची व्यक्ती. तिच्याशी घासाघीस करून मिळवलेले स्टीलचे पातेले मांडणीवर दर्शनी भागात जाई. भेंडीबाजाराजवळचा चोरबाजार, बुधवार-रविवारचा पुण्याचा जुना बाजार येथून आरसे, घड्याळे, खुर्च्या, हंड्या-झुंबरांचे सुटे भाग येत. आजच्या भाषेत याला कोणी 'विंटेज' म्हणेल. त्या शब्दात जी निवडीची चैन आहे ती येथे नव्हती. पण निवडच नव्हती असेही नाही. पाय मोडलेल्या चार खुर्च्यांतून दुरुस्त होण्याजोगी एक हेरणे, यालाही डोळा लागतो.

जुन्या वस्तूंचा हा बाजार रम्य करून मात्र सांगू नये. बाजारात वस्तू येते ती कोठून तरी उठून येते. कोणाचे घर मोडते, कोणी शहर सोडते, कोणाच्या मृत्यूनंतर वारस सामान काढून टाकतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील संप सुरू झाला आणि तो लांबत गेला, तेव्हा गिरणगावातील कितीतरी घरांतून तांब्यापितळेची भांडी बाहेर पडली. हंडा गेला, कळशी गेली, लग्नातला समया-जोड गेला. मांडणीवरची रिकामी जागा झाकायला पुढे सरकवलेले डबे हीदेखील एक मांडणीच होती. आज एखाद्या सुसज्ज दिवाणखान्यात छत्रीदांड्यांसाठी ठेवलेला पितळी हंडा आपण कौतुकाने पाहतो, तेव्हा तो कोणाच्या मोरीतून कोणत्या वर्षी निघाला असेल, हा प्रश्न मनात यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

तिसरा घटक स्त्रियांचा हात. लग्नात मांडले जाणारे रुखवत हे भाड्याच्या घराच्या सजावटीचे खरे भांडार होय. मण्यांचे तोरण, लोकरीचा ससा, दुसुतीवर भरलेले 'सुस्वागतम्', क्रोशाचे रुमाल, शिंपल्यांचा गणपती. चार तास मांडवात मिरवलेल्या या वस्तू पुढे खोलीत येत आणि तेथे वर्षानुवर्षे राहत. दारावर तोरण, रेडिओवर रुमाल, पुढे दूरदर्शनच्या संचावर झालरीचे आच्छादन. रुखवतात स्पर्धा होती, सासरच्यांसाठी केलेले प्रदर्शन होते, मुलीच्या गुणांची परीक्षा होती. हे सर्व खरे आहे. परंतु ज्या घरात नव्या सुनेच्या नावाचा एक कप्पाही नसे, तेथे तिच्या हातची एक वस्तू सर्वांना दिसेल अशी दारावर टांगलेली असे, हेही तितकेच खरे आहे. भाडेपावती सासऱ्याच्या नावाची, तोरण तिचे.

गोधडीचे तर वेगळेच. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळही म्हणतात. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, मुलांचे झबले यांचे थर देऊन ती धावदोऱ्याने शिवली जाते. कोणत्या रंगाशेजारी कोणता तुकडा यावा हे शिवणारी ठरवते आणि तेथे तिला विचारणारे कोणी नसते. गोधडीला आपण ऊब म्हटले, माया म्हटले, आठवण म्हटले. तिला रचना म्हणायला मात्र आपण कचरलो. वाङ्मयीन कृतीची घटना, तोल, पुनरावृत्ती, विसंगतीतून साधलेली संगती यांविषयी वर्गात तास न् तास बोलणारे आपण, त्याच कसोट्या घरातील अंथरुणाला लावत नाही. कारण शोधायला दूर जायला नको. तिच्यावर कर्त्रीचे नाव नसते आणि ती वापरून झिजते.

'टाकाऊतून टिकाऊ' हा आपल्या शाळांचा आणि मासिकांचा लाडका शब्दप्रयोग येथे तपासावासा वाटतो. या प्रयोगात आधी वस्तू टाकाऊ ठरते, मग कोणी कल्पक माणूस तिला टिकाऊ करतो. चाळीतल्या बाईच्या शब्दकोशात पहिली पायरीच नव्हती. लुगडे फाटले की त्याचा पडदा, पडदा विरला की गोधडीचा थर, गोधडी संपली की लादी पुसायचे फडके. येथे टाकणे कोठेच नाही. अवस्था तेवढ्या बदलतात. तेव्हा या कलेला काटकसर म्हणणे अपुरे आहे आणि तिला गरिबीची भरपाई समजणे अन्यायाचे आहे. काटकसरीने पडदा आला असेल. त्याला खालून फुलांची वेल भरली, ती कोणत्या काटकसरीने?

वस्तूंच्या जतनाचा विचार करताना पुण्याचा राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवल्याशिवाय राहत नाही. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, फण्या अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. नित्याच्या वस्तूत सौंदर्य पाहणारी ही दृष्टी एका कवीची होती, हे साहित्याच्या माणसांना अभिमानाचे वाटावे. ती दृष्टी आता वाड्याच्या पुढे, चाळीपर्यंत यायला हवी. कारण वेळ थोडा आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला असून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. १६० चौरस फुटांत शंभर वर्षे काढलेल्या कुटुंबांना कोणी स्मरणरंजनाचे धडे देऊ नयेत. पण जुनी खोली सोडताना काय नेले आणि काय मागे ठेवले, याची नोंद कोण करणार?

दुसरीकडे नवा भाडेकरू आला आहे. त्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा, अनामत रक्कम मालकाकडे अडकलेली, आणि भिंतीला खिळा ठोकू नये अशी सूचना. तो चिकटपट्टीने चित्रे लावतो, दिव्यांची माळ खिडकीला गुंडाळतो, जुन्या बाजारातून स्टूल आणतो, आजीची गोधडी सोफ्यावर टाकतो. जुन्या भाडेकरूला जागा सुटण्याची भीती होती, तरी तो तीन पिढ्या राहिला. नव्याला जागा सुटणार हे पहिल्या दिवशीच ठाऊक असते. तरीही तो सजवतोच. म्हणजे सजावट ही मालकीची खूण नव्हे. जेथे आपण आज राहतो तेथे आज राहतो आहोत, एवढेच ती म्हणते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे, की आपल्या घरातील एखाद्या वृद्धेला तिच्या पहिल्या बिऱ्हाडाच्या भिंतींविषयी विचारावे. कोणता रंग होता, काय टांगले होते, ते कोठून आणले, कोणी केले. उत्तरे लिहून ठेवावीत, वर्षासकट. भिंती पडतात तेव्हा खिळ्यांची भोकेही त्यांच्याबरोबर जातात, आणि ज्या इतिहासाला दस्तऐवज नाही त्याला नंतर साक्षीदारही मिळत नाही.