कांद्याच्या वाणाची निवड (महाराष्ट्र)

कांद्याच्या वाणाची निवड म्हणजे लागवडीचा हंगाम, दिवसाची लांबी, साठवणुकीचा कालावधी आणि बाजारपेठेची मागणी लक्षात घेऊन कांद्याच्या उपलब्ध वाणांतून योग्य वाण ठरविणे होय. महाराष्ट्रात, विशेषतः नाशिक, पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांत, कांदा एकाच वर्षात तीन हंगामांत घेतला जातो. त्यामुळे इतर बहुतेक भाज्यांच्या तुलनेत येथे वाणाच्या निवडीला अधिक महत्त्व आहे. सर्व वाणांचे बी काळे, कोनदार आणि दिसण्यास एकसारखेच असते. बियाण्यावरून वाण ओळखता येत नाही आणि निवड चुकल्याचे गड्डा धरण्याच्या वेळी, म्हणजे खर्चाचा मोठा भाग होऊन गेल्यानंतर, ध्यानात येते.

दिवसाची लांबी व तापमान

कांद्याचा गड्डा पोसणे हे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. भारतीय मैदानी प्रदेशांतील वाण लघुदिवसीय असून साधारण ११ ते १२ तासांच्या दिवसात त्यांचा गड्डा तयार होतो. युरोप व उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातील दीर्घदिवसीय वाणांना सुमारे १४ तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. असे वाण महाराष्ट्रात लावल्यास पात वाढत राहते, पण गड्डा धरत नाही. हिमालयीन राज्यांत घेतले जाणारे ब्राउन स्पॅनिशसारखे वाण याच कारणाने दख्खनच्या पठारावर निरुपयोगी ठरतात. परदेशी बियाण्याच्या आकर्षक पाकिटांचा मोह धरणाऱ्या परसबागेतील हौशी लागवडदारांना हा अनुभव अनेकदा येतो.

तापमानाचा परिणाम फुलोऱ्यावर होतो. रोप ठरावीक जाडीचे झाल्यावर काही आठवडे कडक थंडी लागल्यास गड्ड्याऐवजी फुलाचा दांडा निघतो. यास डेंगळे येणे म्हणतात. डेंगळा आलेल्या कांद्याच्या मध्यभागी कठीण दांडा राहतो. असा कांदा टिकत नाही व त्याला भावही कमी मिळतो. डेंगळ्यांचे प्रमाण वाणाप्रमाणे बदलते, तसेच उळे वेळेआधी टाकल्यासही वाढते.

हंगामानुसार वाण

खरीप कांद्याची (पोळ कांदा) रोपे जुलै-ऑगस्टमध्ये लावली जातात व काढणी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होते. या काळात दिवस लहान होत जातो, हवा दमट असते आणि करप्याचा उपद्रव अधिक असतो. एन-५३, बसवंत-७८०, फुले समर्थ, ॲग्रीफाउंड डार्क रेड, भीमा सुपर आणि भीमा राज हे या हंगामाचे वाण होत. त्यांचा रंग गडद लाल असतो, परंतु साठवणक्षमता कमी असते.

रांगडा म्हणजे उशिराच्या खरीप हंगामाची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. ऐन थंडीत गड्डा पोसत असल्याने डेंगळे व जोडकांदे यांचा सर्वाधिक धोका याच हंगामात असतो. फुले समर्थ, भीमा राज, भीमा शक्ती असे मोजके वाण त्यासाठी शिफारस केलेले आहेत.

रब्बी म्हणजेच उन्हाळी कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत व काढणी मार्च ते मे या काळात होते. चाळीत ठेवला जाणारा कांदा हाच. पावसाळ्यातील चार-पाच महिने देशाची गरज बव्हंशी त्याच्यावर भागते, म्हणून येथे उत्पादनापेक्षा टिकाऊपणा हा निवडीचा पहिला निकष मानणे रास्त ठरते. बारीक व घट्ट मिटणारी मान, एकावर एक चिकटलेले पापुद्रे आणि उशिरा फुटणारा कोंब ही टिकाऊ वाणाची लक्षणे आहेत. एन-२-४-१, ॲग्रीफाउंड लाइट रेड, भीमा किरण व भीमा शक्ती हे वाण या गटात येतात. खरिपाचा वाण रब्बीत घेतल्यास जोडकांदे व डेंगळे वाढतात आणि चाळीतील माल सडतो. उलट रब्बीचा वाण खरिपात लावल्यास गड्डा नीट धरत नाही व मान जाड राहते.

भीमा मालिकेतील वाण पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने, तर फुले समर्थ हा वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केला आहे.

विशेष उपयोगाचे वाण

निर्जलीकरण उद्योगास पांढरा व घन पदार्थांचे प्रमाण अधिक असलेला कांदा लागतो. त्यासाठी फुले सफेद, भीमा श्वेता, भीमा शुभ्रा हे वाण उपलब्ध आहेत. रायगड जिल्ह्यातील अलिबागचा पांढरा कांदा मात्र कारखान्यासाठी नव्हे, तर गोडीसाठी प्रसिद्ध असून तो भातानंतर घेतला जातो व माळा विणून विकला जातो. त्यास भौगोलिक मानांकन प्राप्त आहे. सांबारात वापरला जाणारा छोटा गुणक कांदा एका गड्ड्यापासून अनेक गड्डे देतो. त्याची लागवड प्रामुख्याने तामिळनाडूत होते.

बियाण्याचा स्रोत

कांद्याचे परागीभवन मधमाश्या व इतर कीटकांमार्फत होते. त्यामुळे शेजारच्या शेतात दुसरा वाण फुलोऱ्यात असल्यास वाणाची शुद्धता राहत नाही. पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर, तर प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर विलगीकरण अंतर ठेवावे लागते. अनेक शेतकरी निवडक गोट कांदे लावून घरचे बी तयार करतात. एकसारखे, बारीक मानेचे व चाळीत टिकलेले गड्डे निवडल्यास ही पद्धत चांगली ठरते. शेतात आपोआप आलेल्या डेंगळ्यांचे बी धरणे मात्र घातक आहे, कारण लवकर फुलण्याचा गुणच त्यातून पुढील पिढीत जातो. बाजारात बियाण्याची टंचाई असते त्या वर्षी असे बी सर्रास विकले जाते.

कांद्याचे बी सामान्य हवामानात जेमतेम वर्षभर टिकते. किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी असे प्रमाणीकरणाचे मानक आहे. ओल्या कागदावर १०० बिया ठेवून १२ दिवसांत उगवण घरीच तपासता येते. या चाचणीतून उगवणीची खात्री होते, वाणाची होत नाही. म्हणून खरेदीची पावती, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी आणि थोडे बी पीक निघेपर्यंत जपून ठेवण्याची शिफारस केली जाते. भेसळ आढळल्यास तालुका स्तरावरील तक्रार निवारण समितीकडे तक्रार करताना हाच पुरावा उपयोगी पडतो.