वज्रलेप आणि अक्षम्य पाप

जॉन म्यूर यांच्या १८३९ मधील ‘मतपरीक्षा’ या ख्रिस्ती मताचे मंडन करणाऱ्या संस्कृत ग्रंथाला काशीच्या नीळकंठशास्त्री गोरे या चित्पावन तरुणाने १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिले. त्यातील एक आक्षेप मर्मभेदी होता : एका अल्प जन्मातील अपराधाबद्दल अनंत नरक देणारा ईश्वर न्यायी कसा?

हा आक्षेप काशीकराने घ्यावा यात नवल नाही. काशीत केलेले पाप वज्रलेप होते, अशी तेथील श्रद्धा; पण त्या वज्रलेपालाही भैरवी यातनेची तोड आहे. जन्मोजन्मींचे भोग क्षणात भोगून जीव सुटतो. शिक्षा कितीही दारुण असली तरी तिला अंत आहे.

ख्रिस्ती शास्त्रात मात्र क्षमा नसलेले एक पाप सांगितले आहे. येशू भुतांच्या अधिपतीच्या साहाय्याने भुते काढतो, असे शास्त्री म्हणू लागले, तेव्हा पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण करणाऱ्यास कधीच क्षमा नाही, असे येशूने बजावल्याचे मार्क सांगतो. मत्तयाच्या कथनात मनुष्याच्या पुत्राविरुद्ध बोललेलेही क्षम्य ठरते. हे तेवढे नाही. ‘दुर्भाषण’ या रूढ मराठी शब्दाने सारा दोष जिभेवर येतो आणि रागात निसटलेल्या एखाद्या शब्दाने भाविक जन्मभर धास्तावतो. वस्तुतः शास्त्र्यांचा अपराध दृष्टीचा होता. समोरचे मंगल पाहूनही त्यांनी त्याला सैतानी ठरविले. संत ऑगस्टीनने या पापाचा अर्थ मरणापर्यंत टिकलेली अनुतापहीनता असा लावला. तो ग्राह्य वाटतो. त्या अर्थाने कोणतेही कृत्य क्षमेच्या पलीकडे जात नाही. क्षमा नाकारणाराच तिच्याबाहेर राहतो.

तथापि गोऱ्यांचा आक्षेप एवढ्याने मिटत नाही. अनुतापाला मरणाचीच सीमा का? कर्मसिद्धान्तात पुढचा जन्म आहे. येथे देहाबरोबर संधीही संपते.

१४ मार्च १८४८ रोजी जौनपुरास गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या झाले. शंकांनी मात्र त्यांची पाठ सोडली नाही. पुढे त्यांनी शाश्वत शिक्षेवरील आक्षेपांना उत्तर देणारा निबंध लिहिला. ज्या तरुणाला तो उत्तर देत होता, तो काशीतला नीळकंठशास्त्रीच होता.