साधे समीकरण (बेरीज-वजाबाकीने सुटणारे)

अज्ञात संख्येत काही मिळवून किंवा तिच्यातून काही वजा करून मांडलेली समता. उदा., क्ष + 9 = 14. ज्या किमतीने दोन्ही बाजू सारख्या होतात, ती समीकरणाची उकल. येथे ती 5.

सोडवण्यामागचे तत्त्व एकच आहे. दोन्ही बाजूंत सारखीच संख्या मिळवली किंवा दोन्हींतून सारखीच वजा केली, तर समता ढळत नाही. म्हणून क्षला जोडून आलेली संख्या उलट क्रियेने घालवायची.

रत्नागिरीत हापूसच्या हंगामात हा हिशेब वजनकाट्यापाशी तोंडीच होतो. भरलेला क्रेट 22 किलो भरला आणि रिकामा 2 किलोचा असला, तर क्ष + 2 = 22. दोन्हीकडून 2 वजा केले की आंबे 20 किलो. आता दुसरा प्रसंग घ्या. आंब्यांतून 3 किलो डागी फळे बाजूला काढली आणि 18 किलो उरली, तर मूळ आंबे किती? क्ष − 3 = 18. ‘काढली’ हा शब्द वाचून मुले पुन्हा 3 वजा करतात आणि 15 लिहितात. ताळा केला की चूक लगेच दिसते: 15 − 3 म्हणजे 12, 18 नव्हे. येथे दोन्हीकडे 3 मिळवायचे, उत्तर 21.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा शाळेतला नियम म्हणजे पक्षांतर. तो खरा आहे, पण फार लवकर शिकवला जातो. संख्या उडी मारून पलीकडे जात नाही. ती दोन्हीकडून वजा होते, आणि डावीकडे शून्य उरल्यामुळे दिसेनाशी होते. ही मधली ओळ काही दिवस तरी वहीत लिहून घ्यावी.

भास्कराचार्यांच्या (जन्म 1114) ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जितके असेल तितके’ म्हटले असून ते ‘या’ असे लिहीत. ज्ञात संख्या म्हणजे रूप, खूण ‘रू’. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब असे. दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडत. 3क्ष − 5 = 2क्ष + 7 हे समीकरण तसे मांडले, तर वरच्या ओळीत ‘या 3 रू 5’ (पाचावर टिंब) आणि खाली ‘या 2 रू 7’ येईल. मग वरच्या ‘या’मधून खालचा ‘या’ वजा करायचा, आणि रूपे उलट, खालच्यातून वरचे. 3 − 2 = 1 आणि 7 − (−5) = 12; म्हणून क्ष = 12. ताळा: दोन्ही बाजू 31. चाळीसगावजवळ पाटणे येथील 1207 सालच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढल्याची नोंद आहे.

बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात याच दोन क्रियांना नावे दिली: वजा पद दोन्हीकडे मिळवून घालवणे म्हणजे ‘अल-जब्र’, सारखी पदे दोन्हीकडून वजा करणे म्हणजे ‘अल-मुकाबला’. बीजगणिताचे ‘अल्जेब्रा’ हे नाव पहिल्यावरून पडले. ‘=’ हे चिन्ह मात्र 1557 मध्ये रॉबर्ट रेकॉर्डच्या इंग्रजी पुस्तकात प्रथम छापले गेले.